बर्फावर जोडीनं

भोपाळला बरखेड्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांना मासे धरायचा नाद लागला. रविवारी तलावावर जायचं, कणकेची गोळी गळाला लावायची आणि दुपारी हात हलवत घरी यायचं. चुकून मासा लागलाच तर सोडून देत, कारण माझ्या स्वयंपाकघरात त्याला प्रवेश नव्हता.

मुलगी कॅनडात असते. तिच्या गावचं तळं हिवाळ्यात गोठतं आणि लोक बर्फाला भोक पाडून मासे धरतात, हे ऐकल्यापासून ह्यांना चैन पडेना. तिथल्या कम्युनिटी हॉलमध्ये त्याचे वर्ग भरतात, मोबाइलवरही दिसतात आणि तेही फुकट. मग काय विचारता! जानेवारीत आम्ही दोघं तिच्याकडे जाणार होतो. त्याआधी क्लास पुरा करायचा, असा ह्यांचा पणच होता.

तिथली संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. दर शनिवारी हे बाल्कनीत उलट्या बादलीवर बसत. माकडटोपीतला अवतार दिसू नये म्हणून कॅमेरा बंद. माझ्या भातवाढणीला दोरा बांधून गळ हलवायचा सराव चाले. फ्रीजरमध्ये डबाभर पाणी गोठवून फूटपट्टीनं मोजत आणि मला सांगत, "चार इंच असला की माणूस पेलतो बरं का."

"तो डबा काढा आधी, मला मटार ठेवायचेत," मी म्हणायची.

वर्ग अर्धे झाले असतील. एका सकाळी चहा टाक म्हणाले आणि खुर्चीत बसले. मी कप घेऊन आले तेव्हा सगळं संपलं होतं.

दहाव्याला घाटावर कावळा पिंडाला शिवेना. झाडावर बसून नुसता बघत होता. दिरांनी हात जोडले, "दादा, वहिनीची काळजी करू नकोस." कावळा ढिम्म. मुलगी रडत म्हणाली, "बाबा, आईला मी घेऊन जाते." तरी ढिम्म. आमचे हिंदीभाषी शेजारी बुचकळ्यात पडले होते. "भाभीजी, किसका इंतज़ार है?" एकानं हळूच विचारलं. उन्हं वर आली तशी मला ह्यांचा रागच आला. जिवंतपणीही असेच हट्टी. मी पुढे झाले आणि म्हणाले, "अहो, तुमचा तो बर्फाचा क्लास मी पुरा करते. या आता."

कावळा आला. भुकेला असेल, मला कळतं. पण शब्द दिला तो दिला.

शेवटचा वर्ग तेवढा उरला होता. त्या शनिवारी मुलगी आत झोपलेली असताना मी शाल गुंडाळून ह्यांच्या बादलीवर बसले आणि ह्यांचाच मोबाइल लावला. पडद्यावर ह्यांचं नाव उमटलं. शिकवणारा गृहस्थ ते बघून खुलला. "अरे, आमचे भोपाळचे विद्यार्थी परत आले! मागचे वर्ग चुकवलेत, तब्येत बरी आहे ना?"

खरं काय ते लिहायला मी बोट टेकवलं आणि तसंच उचललं. त्या एका हॉलमध्ये हे अजून होते. तिथूनही त्यांना घालवायचं माझ्या जिवावर आलं.

शेवटी त्यानं सांगितलं, "सगळं विसरलात तरी एक विसरू नका. बर्फावर एकट्यानं जायचं नाही. एक बुडाला तर ओढायला दुसरा हवा. तुमचा जोडीदार कोण, ते प्रत्येकानं लिहा."

भराभर उत्तरं येऊ लागली. कुणाचा भाऊ, कुणाचा मित्र. माझ्या डोळ्यांपुढची अक्षरं विरघळायला लागली होती. मी ह्यांच्या नावासमोर लिहिलं, "बायको."

त्यानं मोठ्यानं वाचलं. "छान! म्हणजे तुम्ही एकटे नाही. मग मला काळजी नाही."

मला हुंदका आवरेना. कॅमेरा बंद होता, ते बरं झालं.