तोंड दाखवल्याशिवाय बटण नाही

आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात रंगाची पावडर ढवळायचा एक मोठा मिक्सर आहे. माणूस आत उतरून तो खरवडतो आणि बटण मी दाबते. बटण भिंतीच्या अलीकडे, तिथून आतलं काही दिसत नाही. म्हणून जुन्या लोकांनी रीत पाडलीय, की साफ करणाऱ्याने बाहेर येऊन बटणवालीला तोंड दाखवायचं. नुसत्या हाकेवर भागत नाही.

मी सातवीतून शाळा सोडलेली, नांदेडच्याही पलीकडून आलेली. साहेबांनी गेटवर एका डब्यावरचं लेबल वाचायला दिलं, मी अडखळत वाचलं, आणि त्यांनी मला मशिनवर घेतलं. ते मी विसरलेली नाही. त्यांच्यासमोर अजून खाली बघूनच बोलते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या मोबाइलवर बातमी आली. कुठल्याशा देशाच्या सैन्याने प्रवाशांचं विमान पाडलं होतं, शत्रूचं समजून.

"रेडिओवर विचारलं होतं त्यांनी," साहेब म्हणाले. "उत्तरच आलं नाही. मग काय करणार?"

"कायद्यात बसतं का साहेब, असं?"

"बसत नाही. प्रवासी विमानावर शस्त्र चालवायचं नाही, असा देशांचा करार आहे. पण स्वतःचा बचाव करायचा हक्कही आहे ना. उद्या कोणी विमान पळवून शहरावर आणलं, तर?"

"त्याचं उत्तर मला नाही येत. पण हे कुठे कोणी पळवलं होतं? आत कोणी पोराला भरवत असेल. उत्तर आलं नाही, म्हणजे ऐकू गेलं नसेल."

शेजारी जांभूळ गावचे काका डबा खात होते. मिक्सर तेच साफ करतात. डाव्या कानाने ठार बहिरे, उजव्याने कामापुरतं ऐकतात. ते म्हणाले, "मना पन हाक आयकू येत नाय गो. मना पाडशील काय?"

"काकांचं विमान उडतंय कुठे पाडायला," साहेब म्हणाले आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही.

दोनच दिवसांनी माल न्यायला ट्रक येऊन उभा राहिला. साहेब घाईत आले. "चालू कर."

"काका साफ करायला उतरलेत, अजून बाहेर आले नाहीत."

साहेबांनी तिथूनच मोठ्याने हाक मारली. उत्तर नाही. "बघ, कोणी नाही आत. दाब. जबाबदारी माझी."

"जबाबदारी तुमची साहेब, पण बोट माझं. वर चढून एकदा बघून या."

"उद्यापासून घरी बसायचंय का?"

घर म्हणजे अंबरनाथची भाड्याची खोली, आणि ती या नोकरीवरच उभी.  तरी मी "बसेन" म्हणाले. ते स्वतः बटणाकडे आले, तेव्हा मी बटणाला पाठ लावून उभी राहिले. माझ्या अंगाला हात लावणारा माणूस नाही तो. थांबले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय झाला गो?" काका नळावरून येत होते. "पानी प्यायला गेलतो."

"बघितलंस?" साहेब म्हणाले. "रिकामा होता. उगाच ट्रक अडवलास."

"रिकामा होता, साहेब. पण हाक मारली तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का?"

ते ट्रककडे निघून गेले. संध्याकाळी ऑफिसातून कागद आला. काम का थांबवलं, लेखी खुलासा द्या.

त्या विमानाच्या वेळी कोणाचं तरी बोट बटणावर होतं. त्यालाही वरून कोणीतरी 'जबाबदारी माझी' म्हणालं असेल. आतलं एकही तोंड त्याने पाहिलं नव्हतं. त्याच्याकडे कोणी असा कागद पाठवला का, मला माहीत नाही. मी मात्र माझा खुलासा लिहिला, सातवीच्या अक्षरात, दोनदा खाडाखोड करून:

"मिक्सर रिकामा होता. ते मला माहीत नव्हतं. म्हणून बटण दाबलं नाही. पुढेही दाबणार नाही."

खाली सही केली आणि कागद साहेबांच्या हातात नेऊन दिला, त्यांच्या तोंडाकडे बघून.