साखर कारखान्यातला कॅम्पस

पन्नाशी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्या बाईने वाचकाचा वेळ मागावा, हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे कॅरिबियनमधल्या एका बेटावर राहिलो. तिथल्या सरकारी विद्यापीठाचे तीन कॅम्पस होते. मुख्य कॅम्पस राजधानीत, समुद्राकडे तोंड करून उभा. मी मात्र चव्वेचाळिसाव्या वर्षी ग्रंथपालनाची पदवी घेतली ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या इमारतीत. हवा दमट झाली की वर्गभर काकवीचा वास सुटत असे.

आता आम्ही ॲमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागात राहतो. नवऱ्याचे कंत्राट संपत आले आणि त्याच सुमारास मला इथल्या एका ग्रंथालयात नोकरी मिळू घातली. दोघांचाही राहण्याचा परवाना आता त्या नोकरीवर अवलंबून होता. पदवीच्या पडताळणीच्या अर्जात मी मुख्य कॅम्पसचा पत्ता लिहिला. तो हातून चुकून लिहिला गेला नव्हता. कारखान्यात शिकलेली बाई इथे हलकी ठरेल, अशी मला लाज वाटली होती.

तीन आठवड्यांनी राजधानीहून उत्तर आले : या नावाची विद्यार्थिनी आमच्या नोंदीत नाही. प्रत्येक कॅम्पस आपली नोंदवही स्वतःपाशी ठेवतो, हे मी विसरले होते. ग्रंथालयाने आठवड्याभरात खुलासा मागितला. त्यानंतर दाराची पत्रपेटी खडखडली की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहत असे.

"अगं, कारखान्यातल्या कॅम्पसला फोन कर ना," नवरा म्हणाला. "चावत नाही तो."

"आणि तिथेही नाव नाही सापडलं तर?"

"मग ती चार वर्षं काय ऊस गाळत होतीस?"

मला हसू आले नाही. संध्याकाळी, म्हणजे तिथल्या दुपारी, मी त्या छोट्या कॅम्पसच्या कचेरीत फोन लावला आणि नाव सांगितले.

"डार्लिंग, तुम्ही! दर वेळी सॉरी म्हणत आत यायच्या त्या ना?" तिथली कारकून बाई मोठ्याने हसली. "राजधानीवाले आम्हाला कुठे मोजतात! पण तुम्ही त्यांच्याकडे चौकशी का करायला लावलीत?"

मी उत्तराऐवजी पदवीचे वर्ष सांगितले.

"बरं, थांबा."

लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. तेवढ्यात मी घरातले काय न्यायचे आणि काय टाकायचे, हेही ठरवून टाकले.

"सापडलात. पत्र उद्याच ईमेलने पाठवते."

ते पत्र आता माझ्यासमोर आहे आणि शेजारी ग्रंथालयाचा खुलाशाचा फॉर्म. त्यात एक रकाना आहे : आधी दिलेला पत्ता चुकीचा का होता? 'नजरचूक' एवढे लिहिले तर सारे निभावेल. पण ते खोटे असेल. खरे लिहिले तर रुजू होण्याआधीच माझ्यावरचा विश्वास उडेल, आणि परवानाही हातचा जाईल. फॉर्म उद्या सकाळी द्यायचा आहे.

माझ्या जागी तुम्ही काय लिहिले असते?