बकरीचा चिरा

पिंपळगावच्या आमच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या घडातले खराब मणी कात्रीने काढणारे साठ जण होते. त्यातला एकच जण समुद्राकडे बघत काम करायचा. चंदर. समोर पत्र्याची भिंत असायची, तो भाग वेगळा.

चंदर पेठच्या डोंगरातला, आश्रमशाळेत नववीपर्यंत शिकलेला. पावसाळ्यात भात-नागली आणि जानेवारी लागला की आमच्याकडे. मी तिथे सुपरवायझर, म्हणजे बारावी पास आणि गळ्यात शिट्टी. दुपारच्या सुट्टीत सगळे मोबाईल काढायचे, हा डब्याच्या पिशवीतून पुस्तक काढायचा. पुढचं कव्हर नाही, शेवटची पानं नाहीत. मुरमुऱ्यांच्या भत्त्याच्या गाडीवर पुड्या बांधायला ठेवलेलं पुस्तक त्याने मागून आणलेलं. शेवट आधीच गिऱ्हाइकांनी भत्त्याबरोबर घरी नेला होता.

पुस्तकात ग्रीसमधल्या एका लेखकाचं आयुष्य होतं. पूर्ण नाव कव्हरबरोबर गेलेलं, आत सगळीकडे नुसता लेफ्तेरिस. बेटावरच्या डोंगरात बकऱ्या राखणारा पोरगा. मोठा झाल्यावर परक्या शहरांत राहिला आणि जन्मभर त्या एकाच गावाविषयी लिहीत बसला.

"भाऊ, त्यांच्याकडं बी दगडाचं खळं हाय," चंदर सांगायचा. "वारा सुटला का भुसा उडून समुद्रात पडतो."

"तू समुद्र बघितलाय कधी?"

"नाय. पण कोल्ड स्टोरेजचं दार उघडलं का येतो ना, तसाच असंल वारा."

मग तो त्या दारात डोळे मिटून उभा राहायचा. त्याच्या अंगावरून पांढरी वाफ जायची आणि मी शिट्टी वाजवायची विसरायचो. मालकाला हे माहीत नाही.

एकदा म्हणाला, "मोबाईलवर बघ ना भाऊ, लेफ्तेरिस शेवटी घरी गेला का?"

मी बघितलं. लेफ्तेरिस पैशाला पासरी निघाले, एक तर मासे तळून विकत होता. "जाऊ दे रे," मी म्हणालो, "मेला असेल कधीच."

चंदरची कात्री थांबली. मग हळूहळू निघालं ते असं. त्याचा बाप अकरा वर्षांपूर्वी द्राक्षाच्या कामाला म्हणून निघाला तो परत आलाच नाही. त्यांच्याकडे माणूस गेला की गावाच्या शिवेवर त्याचा चिरा बसवतात. उभा दगड, वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. चिरा नसला तर मेलेला भटकत राहतो. पण आई, भागीबाई, बसवू देत नव्हती. चिरा बसवला म्हणजे मेला म्हणून कबूल केलं. त्यापेक्षा ती रोज एक भाकर टोपलीखाली झाकून ठेवायची.

"लेफ्तेरिस बी असाच गेलेला," चंदर म्हणाला. "तो परतला असंल तर..." त्या वाक्यालाही शेवटचं पान नव्हतं.

म्हणून मी नाशिकच्या एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथल्या तृप्ती मॅडमनी विचारलं, "पुस्तकाचं नाव?" माहीत नाही. "लेखकाचं आडनाव?" तेही नाही. "मग तुम्हाला काय माहितीये?" मी म्हणालो, बकऱ्या. तिसऱ्या रविवारी त्यांनीच धूळ झटकत पुस्तक पुढे ठेवलं. मी शेवटच्या चार पानांची झेरॉक्स काढली आणि बाहेर पायरीवर बसून वाचली. लेफ्तेरिस परतला नव्हता. परक्या देशातच वारला, तिकडेच पुरला. पण गावच्या लोकांनी खळ्याच्या कडेला त्याच्या नावाचा एक दगड उभा केला होता. खाली काही नसलेला.

झेरॉक्स दोन दिवस माझ्या खिशात राहिली. मग चंदरला दिली. त्याने वाचली, चार घड्या घातल्या आणि म्हणाला, "रविवारी घरी येशील?"

एसटीने पेठ, पुढे पायी. डोंगरांवर दुपारचं निळं धुरकटपण पसरलं होतं आणि चंदर त्याकडे असा बघत होता की मलाही क्षणभर वाटलं, पलीकडे बेट असेल.

भागीबाई अंगणात नागली पाखडत होती. चंदरने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. दगडापाशी आल्यावर तिचं सूप थांबलं.

"त्यांच्यात बी चिरा बसवतात?"

"बसवतात."

"त्याची आय होती तवा?"

"होती."

"तिनं बसवू दिला?"

चंदरने पान उलटलं. ती चार पानं मी एसटीत तीनदा वाचली होती. लेफ्तेरिसची आई त्यात कुठेच नव्हती.

"दिला," चंदरने कागदावर बोट ठेवून वाचलं. "लय दिवस नाय म्हणाली. मग दिला."

मी माझ्या चपलेकडे बघत राहिलो. भागीबाईने सूप खाली ठेवलं. अंगणात नागलीचा भुसा अलगद उडत होता, उताराकडे.

"घोडा नको कोरायला लावू," ती शेवटी म्हणाली. "तुझा बा उभ्या बैलगाडीतून पडायचा. घोड्यावर काय टिकंल? बकरी कोरायला सांग. बकऱ्यांमागं बरा चालायचा."

मग ती आत गेली, टोपलीखालची भाकर घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवली.

"खा," म्हणाली. "लांबून आलास."