खिळा न लागणारा तंबू

त्रिंबकच्या पहिल्या मंडपाचा गुन्हा एवढाच, की त्याच्या दोऱ्यांसाठी रस्त्याकडेला चार खिळे ठोकले होते. डांबर खराब केलं म्हणत पोलिसांनी मंडप उचलला आणि बीडच्या कचेरीसमोरचं उपोषण तिसऱ्याच दिवशी मोडलं. त्याचा पोरगा रविराज कारखान्याच्या मळीच्या टाकीत गुदमरून मेला, त्याला चौदा महिने झाले होते. चौकशीचा अहवाल तयार, पण बापाला दाखवायचा नाही! माणूस मेला तर चालतं, डांबराला भोक चालत नाही.

म्हणून त्रिंबक वासिफच्या दुकानात आला. डोंगर चढणाऱ्या, सायकलवर भटकणाऱ्या पोरांसाठी वासिफ तंबू ठेवायचा.

"हा घ्या चाचा. दोघं ऐसपैस झोपाल."

"खिळे किती?"

"आठ."

"मग तुज्या पोटात ठोकू का बे?"

वासिफ हसला आणि त्यानं दुसरा काढला. दोन लवचिक काड्या एकमेकींवर तिरप्या वाकवल्या, कापड अडकवलं, अन् तंबू आपल्या पायावर उभा! त्रिंबकनं तो एका हातानं उचलून दारापर्यंत नेला.

"दोन किलोबी न्हाई. पन एकट्यापुरता हाय, चाची मावायच्या न्हाईत," वासिफ म्हणाला.

त्रिंबकनं घरी बायकोला, सत्यभामेला फोन लावला.

"हलकाच घ्या," ती म्हणाली. "मी बसन भायेर. सायकल तुमाला हाणायची हाय, गुडघे काय सरकारनं दिलेत?"

नांदूरघाटाहून तो कॅरिअरला तंबू बांधून निघाला, लिंबागणेशला मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी बीडच्या कचेरीसमोर तंबू उभा करून पुन्हा उपोषणाला बसला. सत्यभामा एस्टीनं आली. चार दिवस पोलीस तंबूभोवती खिळे हुडकत फिरले. एकही सापडेना. तंबूला दाबून धरणारं वजन एकच, आत बसलेला त्रिंबक.

पाचव्या दिवशी दुपारी कचेरीच्या साहेबांची गाडी थांबली. साहेब उतरले, तसा त्रिंबक हात जोडत बाहेर आला, बाहेर बसलेली सत्यभामाही उठली. दारी दुश्मन आला तरी आपण उठून उभं राहतो, तसंच. दोघं चार पावलं पुढं गेली अन् मागून वावटळ आली. तंबू लोळत रस्त्यावर गेला आणि ट्रकखाली चिंधड्या झाला. आत रविराजचा फोटो होता.

साहेबांनी रिकाम्या जागेकडं पाहिलं. बरोबरच्या कारकुनानं लगेच लिहून घेतलं.

"साहेब, आमी हितंच हाव की!"

"तंबू कुठाय?" साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

संध्याकाळी कागद हातात पडला. 'अर्जदाराने स्वखुशीने आंदोलन मागे घेतल्याने अहवालाचा अर्ज निकाली.'

फाटकापाशी बसलेल्या सत्यभामेनं विचारलं, "कावून उठलो आपन?"

त्रिंबकनं तोंड उघडलं. तेवढ्यात शिपाई फाटक लावायला आला. दोघंही लगबगीनं उठली आणि त्याला वाट द्यायला बाजूला सरकली.