पार्टवाल्या काकांचे हरवलेले शब्द

पार्टवाल्या काकांचं दुकान जेमतेम दहा फुटांचं, पण भिंती छतापर्यंत खणांनी भरलेल्या. मिक्सर, पंखे, शिलाई मशीन, पाण्याचे पंप, कशाचाही सुटा भाग तिथे मिळायचा. एकाही खणावर चिठ्ठी नव्हती. गिऱ्हाइकाने तुटका तुकडा दाखवावा आणि काकांनी मागे न बघता तसाच नवा काढून द्यावा, असं चाळीस वर्षं चाललेलं.

सून नोकरी सोडून दुकानात बसू लागली आणि आठवड्याभरातच म्हणाली, "बाबा, हे सगळं कॉम्प्युटरवर घेऊया."

"कशाला? माझ्या डोक्यात आहे ना."

"डोकं तुम्ही संध्याकाळी घरी घेऊन जाता. दुकानात काहीतरी राहायला नको का?"

काका फुरंगटले, पण सून हट्टाला पेटली होती. रोज दोन-तीन खण रिकामे करायचे, पट्टी शेजारी ठेवून प्रत्येक वस्तूचा फोटो काढायचा, खणाला नंबर द्यायचा. "हा कुठल्या मशीनचा? हा नसला तर दुसरा कुठला चालेल?" तिच्या प्रश्नांनी सुरुवातीला काकांचं डोकं उठायचं. मग त्यांनाच गोडी लागली. ती विसरली तर तेच हाक मारायचे, "अगं, आजचे खण राहिले की."

आठ महिन्यांत काम संपलं आणि त्यानंतर काही दिवसांतच काकांना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, उजवा हात अर्धामुर्धा सावरला, पण शब्द हरवले. पाणी मागायला जावं तर तोंडातून "खिडकी" निघायचं. चार महिन्यांनी दुकानात पाऊल टाकलं ते जीव मुठीत धरूनच. आता आपण नुसते शोभेला, असं त्यांना वाटत होतं.

त्याच दिवशी बेकरीवाल्या बाई मैदा मळायच्या यंत्राचं झिजलेलं चाक घेऊन आल्या. काकांनी ते तत्काळ ओळखलं. तोंड उघडलं आणि म्हणाले, "छत्री."

बाई गोंधळल्या. काकांनी मान खाली घातली.

सुनेने स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. चाकांचे फोटो ओळीने दिसत होते. काकांचं डावं बोट सरकत सरकत एका फोटोवर थांबलं. खाली सुनेने टाइप केलेलं होतं, "जुन्या यंत्राला हेच बसतं. दुसरं घातलं तर बोंब मारतं."

ते त्यांचेच शब्द होते, जसेच्या तसे. काकांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. डोळे भरून आले.

पुढे लांबलांबच्या गावांहून लोक मोबाइलवर फोटो पाठवू लागले. काका बघायचे, खणाचा नंबर दाबायचे, सून पार्सल बांधायची. वर्षभराच्या सरावाने शब्दही थोडेथोडे परतले. एका दुपारी काकांनी बराच वेळ जुळवाजुळव करून वाक्य पुरं केलं, "तू विचारलंस... म्हणून राहिलं."

"तुम्ही सांगितलंत म्हणून, बाबा," सून म्हणाली, आणि पाठ फिरवून स्वच्छच असलेला खण पुसत राहिली.