बेळगावची हवा आणि माझा बनियन

साडूने बेळगावहून आणलेला कुंदा माझ्या तोंडात होता आणि त्याच तोंडाने मी म्हणालो, "बेळगावची हवा म्हणजे दोरीवरचा बनियन. कधीही हात लावा, ओलाच." कुंदा गिळून मग बोललो असतो तर निदान खाल्ल्या अन्नाला जागल्यासारखं दिसलं असतं. साडू टीव्हीकडे बघू लागला. टीव्ही बंद होता.

मला वाटलं होतं, मेव्हणी आणि तो गौरी-गणपती उरकून आमच्या पिंपळे गुरवच्या घरी सहज आलेत. ते आले होते माझ्या बायकोला न्यायला. तिचा खोकला उन्हाळ्यापासून हटत नव्हता. आमच्या घरासमोरचा रस्ता तेव्हापासूनच खोदून ठेवलेला. पाऊस आला की चिखल आणि उघडीप मिळाली की धूळ. संत तुकाराम नगरच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं होतं की औषधं पुरे झाली, आता थोडे दिवस हवापालट करा. बायकोने हे मला घरी येऊन सांगितलं. हवापालट हा शब्द ऐकून मला हसू आलं आणि हसण्याच्या नादात पुढचं ऐकायचं राहिलं. पुढचं म्हणजे, तिने बहिणीला फोन केला होता.

आता हवेच्या बाबतीत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय, अशी माझी समजूत. उमेदीची सगळी वर्षं मी बसच्या चॅसी पोचवल्या. चॅसी म्हणजे पुढे इंजिन, खाली चाकं आणि मधे लोखंडाचे दोन लांब पट्टे. टप नाही, काच नाही, दार नाही. ड्रायव्हरला एक सीट, एक स्टिअरिंग आणि बाकी सगळा निसर्ग. चाकणच्या यार्डातून मफलर-गॉगल बांधून निघायचं आणि बॉडी बांधणाऱ्याच्या दारात गाडी उभी करायची. कधी जयपूर, कधी पार चेन्नई. लोक हवामानाचा अंदाज पेपरात वाचतात, माझ्या तो दातांत अडकायचा. त्यामुळे "आमच्याकडची हवा फार छान" असं कुणी म्हणालं की मला त्या माणसाची कीव येते. कीव हा सभ्य शब्द झाला.

मेव्हणीने विचारलं, "मग दाजी, चांगली हवा कुठं हाय, ते तरी सांगा." तिने बिचारीने मनापासून विचारलं होतं. मला वाटलं, भाषणाचं आमंत्रण आहे.

मी जयपूरपासून सुरुवात करून हायवेने खाली उतरत आलो. जयपूरवाले म्हणतात, आमची सकाळ बघा. ती सकाळ दात घासून चूळ भरेपर्यंत टिकते. उदयपूरवाले तळ्यावरच्या वाऱ्याचं कौतुक सांगतात. वारा तळ्यावरून निघत असेलही, पण हायवेवर पोचतो तो संगमरवर कापणाऱ्यांच्या दारावरून. गिरणीतून पीठ घेऊन आल्यासारखा माझा अवतार व्हायचा. सुरतेत हवेचं विचारलं की खाण्याचं सांगतात, यातच काय ते आलं. लोणावळ्यात भिजायला लोक घरून कोरडे कपडे घेऊन येतात. त्यांच्या डोक्यावर पावसाचा काय परिणाम झालाय ते उघडच आहे. साताऱ्याला हवा नाहीच, वारा आहे, आणि तो अंगावर आल्याशिवाय बोलत नाही. कोल्हापूरकर हवा, पाणी आणि तांबडा रस्सा एका दमात सांगतो आणि रश्शाची दाद हवेच्या खात्यात जमा करतो. बंगळुरूचं तर नावच नको. गाडी जागची हलत नाही, पण आत बसलेला प्रत्येक जण काच वर करून, स्वेटर घालून "वेदर मस्त आहे" म्हणतो. एवढं मस्त आहे तर काच खाली कर की, लेका. त्यातल्या त्यात चेन्नईच्या माणसाबद्दल मला आदर आहे. तो घाम पुसतो आणि हवेचा विषय काढत नाही.

"आणि तुमच्या पिंपरी-चिंचवडची?" साडूने बंद टीव्हीवरची नजर न काढता विचारलं.

इथली हवा एके काळी एक नंबर होती, पंखासुद्धा लागायचा नाही, असं मी सांगितलं. असं इथला प्रत्येक जण सांगतो. आणि प्रत्येकाच्या हिशेबाने ती हवा बिघडली, ती तो राहायला आल्यानंतर जी माणसं आली त्यांच्यामुळे. मी हेही सांगणार होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरात बायकोला उबळ आली. हातातले कप बशांवर वाजत राहिले.

उबळ ओसरल्यावर मेव्हणीने हळूच विचारलं, "दाजी, बेळगावात तुम्ही कुठं कुठं फिरलाय?"

मी आठवू लागलो. बॉडीवाल्याचं आवार. शेजारचा ढाबा. हायवेवरूनच मिळणारी परतीची गाडी. जयपुरात? आवार आणि ढाबा. बंगळुरात? ढाबा आणि आवार.

"म्हणजे सगळं बायपासनंच की," ती म्हणाली. टोमणा मारला असता तर मी परत मारला असता. तिच्या आवाजात नुसतं आश्चर्य होतं. बायको चहा ठेवून बॅग भरायला गेली.

सोडायला मी येतो म्हणालो. कुणीतरी घराण्याची अब्रू राखायला हवी होती. चौघं माझ्या गाडीतून निघालो. असल्या टपाच्या आणि एसीच्या गाडीत हवेचं काय कळणार, हे मी वाटेत वारंवार बोलून दाखवलं. बेळगावचा फाटा आला तरी सवयीने माझे हात सरळ धारवाडच्या दिशेलाच. "आत वळा, साडूभाऊ," साडू म्हणाला. "गाव आत हाय."

गाव आत होतं. मोठाल्या झाडांखालचे रस्ते, मेव्हणीचं कौलारू घर, मागच्या अंगणात फणस आणि वरून येते-जाते भुरभूर. दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली, पण कशाने ते कळेना. कुकर नाही, हॉर्न नाही. मग लक्षात आलं, शेजारी बायको झोपली होती आणि खोकत नव्हती.

मोठ्या मनाचा माणूस इथे गप्प बसला असता. मी उठून बनियन धुतला आणि मागच्या दोरीवर टाकला. दिवसभर काही ना काही निमित्ताने जाऊन हात लावून आलो. संध्याकाळी तो काढून पुढच्या सोप्यात घेऊन गेलो आणि साडूपुढे धरला. त्याने चिमटीत धरून पाहिला आणि सज्जनपणे कबूल केलं, "ओलाच हाय."

मी विजयी मुद्रेने बायकोकडे वळलो. ती बहिणीबरोबर मेथी निवडत होती. निपाणीला लहानपणी दोघींनी कुणाच्या तरी परसातले पेरू चोरले होते, त्याची लांबलचक गोष्ट ती सांगत होती आणि गोष्टीत मधे कुठेही तिला श्वासासाठी थांबावं लागलं नव्हतं. गोष्ट संपवून तिने हात पुसले, बनियन माझ्याकडून घेतला, त्याची नीट घडी केली आणि पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

"ओलाच घेऊन जा," ती म्हणाली. "तिकडं वाळंल. मी दिवाळीला येते."