गाता येऊ नये इतक्या वेगानं

पत्नी जाऊन आता बरेच महिने झाले. सकाळी मी अजूनही आमच्या लेआउटमधल्या उद्यानापर्यंत चालत जातो, पण आत जात नाही. फाटकापाशी थोडा उभा राहतो आणि परत येतो.

तिचं विसरणं सुरू झालं तेव्हा मी निवृत्त झालो होतो. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात यंत्रांची थरथर मोजण्यात माझी नोकरी गेली. काही बिघडलं की आधी वाचायचं, ही तिथली सवय. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "या गोळ्यांनी फार काही होईल असं सांगत नाही. रोज चालवा त्यांना." त्या एका 'चालवा'ला मी धरून बसलो. घरी येऊन वाचू लागलो.

मेंदूच्या आत, कानाच्या पातळीवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा वाकडा भाग असतो. नवी आठवण तिथं रुजते आणि या आजारात तोच लवकर आकसू लागतो. माणूस धाप लागेल असा चालला की मेंदूकडे रक्त अधिक जातं. राबणारे स्नायू रक्तात काही द्रव्यं सोडतात, आणि मेंदूत पेशींना जगवणारं, त्यांना एकमेकींशी जोडून ठेवणारं एक प्रथिन वाढतं. पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी उगवलेल्या दिसल्या होत्या. आजार जडलेल्या माणसांबद्दलचा पुरावा मात्र इतका स्पष्ट नाही, असंही त्याच लेखांत लिहिलेलं होतं. मी ते वाचलं आणि पान उलटलं.

वेग किती हवा, याची डॉक्टरांनी सोपी खूण सांगितली होती. चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये.

अडचण अशी की ती चालताना गायची. उद्यानाच्या मधोमध पिंपळाचा कट्टा आहे, त्यावर हळदीकुंकू माखलेले नागाचे दगड. चालायची वाट त्याच्याभोवतीच फिरते. तिच्या लेखी ती प्रदक्षिणा होती. फाटकाशी चपला काढून, हात जोडून ती निघायची. संथ, माहेरची भजनं गुणगुणत. मी तिचा हात धरून वेग वाढवायचो.

"अहो, देवाभोवती कुणी असं धावतं का? तो काय बस पकडायला निघालाय?"

"तुझ्यासाठीच चाललंय हे."

"मग त्यालाच सांगा, जरा लवकर आवर म्हणून."

मला हसू येत नसे. तिचा श्वास फुलला, ओळ मध्येच तुटली, की वाटायचं, आता आत कुठेतरी काहीतरी जोडलं जात असेल. निदान तुटायचं थांबलं असेल.

मुलगी शहरातच, मारतहळ्ळीला राहते. शनिवारी आली की आमच्यामागून चालायची. "बाबा, आईला गाऊ द्या ना."

"गाणं थांबतं, म्हणजेच व्यायाम होतो."

"ती मशीन नाहीये, बाबा."

मी वेग कमी केला नाही. दुसरं काय होतं माझ्या हातात?

दवाखान्यात डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारायचे, "अम्मा, हे कोण?"

ती पदर सावरून म्हणायची, "आमचे हे."

"नाव काय यांचं?"

ती लाजून हसायची आणि मान हलवायची. मी डॉक्टरांना समजावलं की तिच्या पिढीच्या आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. डॉक्टर कन्नड होते, म्हणाले, "मग हा प्रश्न उपयोगाचा नाही." तरी दर वेळी विचारत. साल गेलं, गावाचं नाव गेलं, मुलीचं नाव गेलं. ते लाजणं राहिलं. तेवढ्यावरून मी ठरवून टाकलं की चालण्याचा गुण येतो आहे, मी तिला अजून आठवतो. डॉक्टर म्हणायचे, हृदय छान आहे, पाय तर पन्नाशीतल्या बाईसारखे आहेत. मी आणखी जोरानं चालवू लागलो.

एका सकाळी अर्ध्या फेरीत ती थांबली. माझ्या हातातून हात सोडवून घेतला.

"अण्णा," ती म्हणाली. या शहरात जन्मभर तिनं रिक्षावाल्यांना, भाजीवाल्यांना अशीच हाक मारली होती. "अण्णा, स्वल्प थांबा. आमचे हे मागे राहिलेत."

मी तिच्यासमोरच उभा होतो. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून मागच्या वाटेकडे.

"कसे दिसतात?" मी विचारलं.

"उंच आहेत. हातात पुस्तक असतं नेहमी."

"नाव काय त्यांचं?"

ती लाजली. पदर सावरला. अगदी दवाखान्यातल्यासारखी. पण माणूस हरवला होता आणि नाव सांगितल्याशिवाय इलाज नव्हता. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात आमच्या लग्नातला उखाणा म्हटला. दोन्ही ओळी, यमकासकट, मधे माझं नाव. लग्नानंतर तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं.

म्हणजे नाव शाबूत होतं. त्याच्याजवळ मी उरलो नव्हतो. किती दिवसांपासून, ते मला कधीच कळणार नाही.

"पाहिलंत का कुठं त्यांना?"

"पाहिलं," मी म्हणालो. "येताहेत मागून."

"सरी, ठीक आहे. मग तोवर तुम्ही चला माझ्याबरोबर. पण हळू हं, अण्णा. ते फार पळवतात. गाताच येत नाही."

मी पाऊल आखडतं घेतलं. तिनं भजन सुरू केलं, पहिल्या ओळीपासून. प्रत्येक वळणावर ती मान वळवून मागे बघायची, कुणी दिसलं नाही की जरा थांबायची, आणि पुन्हा गाऊ लागायची.